फॅटची तूट: एका दूध संस्थेच्या डेटाच्या प्रकल्प नोंदी

काम: कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या संकलनाचं विश्लेषण. डेटा: संगणकातल्या दोन वर्षांच्या नोंदी, हातवही, दूध संघाच्या पावत्या (गावातून गोळा झालेलं दूध संस्था या संघाला घालते). संस्था आजोळच्या गावची आहे. नाव देत नाही, कारण पुढे काही नाजूक गोष्टी येणार आहेत.

२२ सप्टेंबर २०२४

चेअरमन मामांची तक्रार एका वाक्यात मावते. "आमच्या मशीनवर म्हशीचा फॅट ६.८ निघतो, संघाच्या पावतीवर ६.५ येतो. मधला फॅट जातो कुठं?" फॅट म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचे टक्के.

उत्पादकाला संस्था पैसे देते ते स्वतःच्या मशीनवरच्या आकड्यावर. संस्थेला संघाकडून पैसे मिळतात ते संघाच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यावर. दोन्हींत फरक पडला की तो संस्थेच्या अंगावर. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) या पायावर ठरतो, गाईचा ३.५ आणि ८.५ वर. पायाच्या खाली गेलं की दर उतरतो, वर गेलं की चढतो. त्यामुळे इथं पॉइंट एक-दोनची चर्चासुद्धा आवाज चढवून होते.

चहा येईपर्यंत मामा आणि सचिव तात्यांनी आणखी चार प्रश्न टाकले. दिवाळीत दूध किती येईल? मिनरल मिक्श्चर (जनावरांच्या खाद्यात घालायचं क्षारांचं मिश्रण) दिलं तर फॅट वाढतो का? तूट नेमकी कशामुळे? दुसरं मशीन घ्यायचं का? मी सगळे वहीत उतरवले आणि प्रत्येकापुढे कुठल्या जातीचं विश्लेषण लागेल ते लिहिलं. "किती" म्हटलं की वर्णनात्मक. "कशामुळे" म्हटलं की निदानात्मक. "पुढं किती" हे पूर्वानुमान. "हे केलं तर ते होतं का" हा कार्यकारणाचा प्रश्न, सगळ्यांत अवघड. "काय करायचं" हे निर्देशात्मक, आणि ते सगळ्यांत शेवटी यायला हवं. मामांना मात्र आजच शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. मशीनचं कोटेशन आलेलं आहे.

२५ सप्टेंबर

डेटा उघडला. अपेक्षेप्रमाणे.

तारखांचा घोळ: महिन्याच्या १ ते १२ तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटसुलट झालेत, १३ पासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून बसल्यात. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर ठेवलेली असली की हे होतंच. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर १२ अंकी. एक्सेलनं तो 'ई अधिक ११' अशा रूपात दाखवलाय. त्याच रूपात फाईल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे आकडे कायमचे जातात आणि दहा म्हशी एकच होऊन बसतात. मूळ फाईल जपून ठेवली होती म्हणून नंबर परत मिळाले.

लाईट गेल्यावर हातवहीत लिहायचं आणि आल्यावर संगणकात भरायचं, अशी इथली पद्धत. त्यामुळे संकलनाच्या सकाळ-संध्याकाळच्या काही पाळ्यांच्या नोंदी दोनदा पडल्यात. त्या काढल्या, पण "हातनोंद" असा वेगळा रकाना करून ठेवला. कुठली नोंद मशीनमधून थेट आली आणि कुठली माणसाच्या हातून, ही माहिती फेकायची नसते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काही पाळ्यांचं संकलन शून्य दिसतं. त्या आठवड्यात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि वस्त्यांकडचे रस्ते पाण्याखाली होते. म्हशींनी दूध दिलंच, ते संस्थेपर्यंत पोचलं नाही. म्हणून तिथं शून्य ठेवायचं नाही, रिकामं ठेवायचं. शून्य ठेवलं तर जुलैची सरासरी उगाच खाली जाते, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी "जुलैत दूध कमी होतं" असा नियमच करून टाकतो.

आणखी एक. संघाची पावती किलोत, संस्थेची वही लिटरमध्ये. एका दिवशी पावतीवर ९०० किलो आणि वहीत ८७४ लिटर. तात्या म्हणाले, "ह्यात तर आपलं २६ वाढलंय की." वाढलेलं काही नाही. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ८७४ ला १.०३ नं गुणलं की ९०० येतात.

२९ सप्टेंबर

वर्णनात्मक भाग. एप्रिल ते सप्टेंबर, फक्त म्हैस.

६.८ हा आकडा कुठून आला ते सापडलं. सॉफ्टवेअरच्या अहवालात खाली जी सरासरी छापून येते, ती उत्पादकांच्या सगळ्या पावत्यांवरच्या फॅटची साधी बेरीज भागिले पावत्यांची संख्या आहे. दोन लिटरवाला आणि दहा लिटरवाला त्यात सारखेच मोजले जातात. तात्यांना कागदावर करून दाखवलं: एकाचं २ लिटर ८.० फॅटनं, दुसऱ्याचं १० लिटर ६.२ नं. साधी सरासरी ७.१. पण दोघांचं दूध एका कॅनमध्ये ओतलं तर १६ अधिक ६२ म्हणजे ७८, भागिले १२, म्हणजे ६.५. संघ कॅनमधल्या मिसळलेल्या दुधाचाच फॅट बघतो.

हा योगायोगाचा भाग नाही. व्यायला वेळ झालेली, आटत आलेली म्हैस दूध थोडं देते पण दाट देते. नुकती व्यालेली भरपूर देते, फॅट कमी. म्हणजे लिटर आणि फॅट उलट दिशेनं जातात, आणि साधी सरासरी नेहमी वरच फसते.

लिटरचं वजन देऊन काढलेली सरासरी ६.६४. संघाची ६.५१. खरी तूट ०.१३. मामा ज्याला ०.३ म्हणत होते त्यातली निम्म्याहून अधिक तूट अहवालाच्या तळाशी छापली जात होती.

तरी ०.१३ सोडून द्यायची नाही. रोजच्या ९०० लिटरवर ती सव्वा किलो फॅटच्या आसपास जाते, दहा दिवसांच्या बिलात बारा किलो.

मामांची प्रतिक्रिया: "मंजे मशीन बरोबर हाय म्हण की." नाही म्हटलं, अजून तिथं पोचलोच नाही. किती ते कळलंय, का ते कळलेलं नाही.

५ ऑक्टोबर

आज कुठलाही प्रश्न समोर न ठेवता नुसता डेटा पाहिला. जॉन ट्यूकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात या पद्धतीला शोधक विश्लेषण म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. आधी चित्र काढा, डोळ्यांनी बघा, मग गणित. आपल्याकडे शिकवताना हा भाग पंधरा मिनिटांत उरकतात आणि लगेच सूत्रांवर येतात. माझ्या मते उलट हवं.

फॅटचा स्तंभालेख काढला, ०.१ च्या टप्प्यांनी. मधे उंच, दोन्हीकडे उतरता डोंगर दिसायला हवा होता. डोंगर आहे, पण ६.० वर एक खांब उभा आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला ५.८, ५.९ जवळपास रिकामे. ६.५ वर दुसरा खांब, थोडा बुटका. ७.० वर तिसरा. म्हशींना दशांश चिन्ह कळत नाही. हा आकार माणसाच्या हाताचा.

मग हातनोंदीचा रकाना उपयोगी पडला. आलेख दोन केले. मशीनमधून थेट आलेल्या नोंदींचा डोंगर गुळगुळीत, खांब नाही. हातनोंदींचा आलेख म्हणजे नुसते खांब.

तूटही तशीच वाटली गेली. मशीनच्या पाळ्यांत सरासरी ०.१०, हातनोंदीच्या पाळ्यांत ०.२४. या सहा महिन्यांत साधारण पाच पाळ्यांमागे एक पाळी हातनोंदीची, त्यातल्या बहुतेक जून ते ऑगस्टमधल्या, म्हणजे पावसात लाईट जाण्याच्या दिवसांतल्या.

६ ऑक्टोबर

रविवार. संध्याकाळच्या पाळीला तात्यांजवळ बसले. योगायोगानं लाईट गेलीच.

लाईट नसताना तात्या जुन्या गर्बर पद्धतीवर येतात: ब्युटिरोमीटरच्या काचनळीत दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, हातानं फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि फॅटचा पिवळसर थर कुठं थांबतो ते मापपट्टीवर वाचायचं. पद्धत चोख आहे. प्रयोगशाळेत आजही मशीनची खातरजमा करायला हीच वापरतात. तात्यांचा हात त्यात चाळीस वर्षांचा.

एका आजींचं दीड लिटर दूध. थर ५.८ आणि ५.९ च्या मधे थांबला. मी वाकून पाहिला. तात्यांनी वहीत ६.० लिहिलं.

मी काही बोलले नाही, त्यांनीच सांगितलं. "एकच म्हैस हाय तिची. पाच-नऊ लिवलं तर दर उतरतुय. दीड लिटरला काय फरक पडतुय संस्थेला?" दीड लिटरला खरंच पडत नाही. पण पुढच्या माणसाचा ६.३ होता, त्याचा ६.५ झाला, आणि त्याचं दूध चौदा लिटर होतं. एकाला दिलं की मागच्याला नाही म्हणता येत नाही. चोरी कुणी केलेली नाही. फॅट पुढच्या अर्ध्याकडे ढकलण्याचा हा गावकीतला रिवाज आहे आणि आलेखातले खांब त्याचे आहेत.

अहवालात हे कसं लिहायचं ते ठरवायला हवं. नाव न घेता, पण पुसट न करता.

९ ऑक्टोबर

मशीनच्या पाळ्यांतली ०.१० ची तूट उरते. हे निदानात्मक काम, आणि ते स्क्रीनसमोर होत नाही. सकाळची पाळी गाठली.

शंका अशी: पाळी पुढे सरकते तसं मशीन वर वाचतं. एका बादलीतलं मिसळलेलं दूध लहान बाटल्यांत भरून ठेवलं. पाळी सुरू होताना एक बाटली लावली, मग साधारण चाळीस उत्पादकांनंतर एकेक. प्रत्येक वेळी बाटली सावकाश उलटसुलट करून, कारण उभ्या दुधात साय वर चढते आणि वरचा थेंब लावला तर मशीनला दोष देण्यात अर्थ नाही. आकडे आले ६.५, ६.५, ६.६, ६.७. मशीन धुतलं, शेवटची बाटली पुन्हा लावली: ६.५.

हे मशीन ध्वनिलहरींवर चालतं. आतल्या नळीत दुधाचा थर साचला की मोजमाप सरकतं. धुवायचं पाणी आणि पावडर कोपऱ्यात होती, पण धुणं व्हायचं पाळी संपल्यावर. रांगेत माणसं उभी असताना मधे थांबायचं कुणाच्या मनात येत नाही.

दुसरी गोष्ट फेसाची. थेट गोठ्यातून धार काढून धावत आलेल्यांच्या दुधात फेस असतो, आणि हवेचे बुडबुडे या मशीनला चालत नाहीत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक ज्या फेसावर खूष होतं, तोच इथं मोजमाप बिघडवतो.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. आज अनुमानात्मक भागाची, म्हणजे थोड्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल सांगण्याची जुळणी.

एका सकाळच्या बाटल्यांवरून "मशीन ०.१ नं जास्त दाखवतं" असं ठोकून देता येणार नाही. खात्रीसाठी तेच दूध मशीनवर आणि गर्बरवर, दोन्हीकडे तपासायचं. दोनशेच्या दोनशे उत्पादकांचं कोण करणार? ॲसिड, अल्कोहोल, वेळ. म्हणून नमुना. आणि नमुना म्हटलं की पहिले तीस घ्यायचे नाहीत, कारण पहिले तीस म्हणजे संस्थेजवळ राहणारे, आणि मशीन तेव्हा स्वच्छ असतं. चिठ्ठ्या टाकून तीस सभासद क्रमांक काढले, काही सकाळचे, काही संध्याकाळचे. गर्बरची नळी मी वाचणार, आणि वाचताना मशीनचा आकडा मला दिसणार नाही, असं ठरलं.

याच विषयात नाव काढलेले वसंतराव हुजूरबाजार १९१९ साली कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं, पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, १९७४ ला पद्मभूषण. कुस्तीगीर आणि चित्रपटवाले आपण तोंडपाठ सांगतो, हे नाव गावात विचारलं तर कुणाला माहीत नसतं.

१७ ऑक्टोबर

तीस जोड्यांचा निकाल. मशीन उणे गर्बर, सरासरी फरक ०.११, प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) ०.१५. ते तीसच्या वर्गमुळानं भागून, तक्त्यातल्या २.०४५ नं गुणून खरा फरक ज्यात असावा तो पट्टा काढला: ०.०५ ते ०.१७, ९५ टक्के विश्वासानं. पट्ट्यात शून्य नाही, म्हणजे फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. आणि संघाच्या पावत्यांवरून काढलेली ०.१० याच पट्ट्यात बसते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलो.

तक्त्यामागची पद्धत विल्यम गॉसेटनं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं मांडली. तो डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात कामाला होता आणि त्याची अडचण आमच्यासारखीच होती: नमुने थोडे, निर्णय पैशाचा.

मामांना पट्टा आवडला नाही. "एक आकडा सांग." एक आकडा सांगितला तर तो ते प्रत्येक पावतीतून वजा करतील. म्हणून पट्टाच सांगितला. शिवाय फरक पाळीच्या सुरुवातीला जवळजवळ नाही आणि शेवटी जास्त आहे. सरसकट वजा केलं तर सकाळी लवकर येणाऱ्यांवर अन्याय.

काल कोजागरी होती. त्याबद्दल पुढच्या नोंदीत.

१९ ऑक्टोबर

पूर्वानुमान. दिवाळीत कॅन आणि गाडी किती लागेल हा प्रश्न. दोनच वर्षांचा डेटा, त्यामुळे भारी मॉडेलचा विचारच केला नाही. तीन साधे मार्ग तपासले: गेल्या सात दिवसांची सरासरी, गेल्या वर्षीची तीच तारीख, गेल्या वर्षीची तीच तिथी.

नेहमीच्या दिवसांना सात दिवसांची सरासरी सगळ्यांत बरी. सणाला ती आंधळी. गेल्या वर्षीची तारीख सणाला उलट दिशाभूल करते: २०२३ ची कोजागरी २८ ऑक्टोबरला होती, यंदा १६ ला. पाडवा गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरला, यंदा २ ला. दूध घरी ठेवायचं की डेअरीला घालायचं हे लोक पंचांगावर ठरवतात, आणि सॉफ्टवेअर इंग्रजी महिन्यांवर तुलना छापतं.

गेल्या कोजागरीच्या संध्याकाळचं संकलन आधीच्या आठवड्यापेक्षा १४ टक्क्यांनी उतरलं होतं. यंदाच्या आठवड्याची संध्याकाळची सरासरी ३८५ लिटर, म्हणून अंदाज ३३१ दिला होता, आदल्या दिवशी, फळ्यावर लिहून. आलं ३३८. तात्यांनी फळा पुसू दिला नाही. एका अंदाजावर एवढा विश्वास ठेवू नका म्हटलं, पण ऐकतंय कोण.

४ नोव्हेंबर

पाडव्याला १२ टक्के घट धरली होती, झाली १९. भाऊबीज रविवारी आल्यानं घरोघरी पाहुणे आधीच मुक्कामाला होते, असं तात्यांचं म्हणणं. असेलही. एका वर्षाच्या पाडव्यावरून दुसऱ्या पाडव्याचा अंदाज बांधला तर एवढी फट राहणारच. पुढच्या वर्षी तीन पाडवे हाताशी असतील. कॅन मात्र शिल्लक राहिले, कमी पडले नाहीत, आणि चुकायचंच असेल तर या बाजूला चुकलेलं बरं.

१० नोव्हेंबर

मिनरल मिक्श्चर. याला पुरता दिवस द्यावा लागला.

मामांकडे पुरावा तयार होता: जे सभासद मिक्श्चर नेतात त्यांचा फॅट बाकीच्यांपेक्षा ०.३ नं जास्त. आकडा मी पडताळला, बरोबर आहे. पण मिक्श्चर नेणारे कोण? सरकी पेंड, मका आणि चांगला कडबा परवडणारे, चार-पाच म्हशींवाले. न नेणाऱ्यांची म्हैस हंगामात उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या पाल्यावर) आणि पावसाळ्यात कोवळ्या, पाणीदार गवतावर. तंतुमय चारा कमी झाला की फॅट उतरतो हे गोठ्यातल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे ०.३ मध्ये पेंडीचा वाटा किती, कडब्याचा किती आणि मिक्श्चरचा किती, हे या डेटातून कितीही पिळलं तरी निघणार नाही. दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच यातून कळतं.

उपाय एकच: कुणाला द्यायचं हे आपण चिठ्ठीनं ठरवायचं. तयार असलेल्या सभासदांतून अर्ध्यांना आता, अर्ध्यांना सहा आठवड्यांनी. मामा लगेच म्हणाले, "चिठ्ठी कशाला? गरिबास्नी आधी देऊया."

इथं त्यांना लॅनर्कशायर सांगितलं. स्कॉटलंडमधला हा परगणा. १९३० साली तिथल्या ६७ शाळांत वीस हजार मुलांवर प्रयोग झाला. दहा हजारांना चार महिने रोज पाऊण पिंट दूध, त्यातल्या निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्या दहा हजारांना काही नाही. शेवटी उंची-वजन मोजून दुधाचा फायदा ठरवायचा. वाटणी चिठ्ठीनं किंवा आडनावाच्या अक्षरावरून झाली होती, पण एखाद्या गटात धट्टीकट्टी मुलं जास्त वाटली तर बदल करायची मुभा शिक्षकांना दिली होती. शिक्षकांना हडकुळी पोरं बघवली नाहीत. त्यांनी ती दुधाच्या गटात सरकवली. प्रयोग सुरू होतानाच दूध न पिणारी मुलं सरासरीनं उंच आणि वजनदार निघाली. वर मुलांना कपड्यांसकट तोललं, पहिल्यांदा फेब्रुवारीत, नंतर जूनमध्ये. गरीब मुलांकडे थंडीचे कपडेच कमी, त्यामुळे उन्हाळ्यात कपड्यांतून उतरणारं वजनही दोन्ही गटांत सारखं नव्हतं. एवढा प्रचंड खटाटोप, आणि निष्कर्ष लंगडा. १९३१ साली त्याची चिरफाड करणारा लेख कुणी लिहिला? त्याच 'स्टुडंट'नं, गॉसेटनं. वीस हजार मुलांऐवजी जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर कमी खर्चात जास्त कळलं असतं, असा त्याचा हिशोब होता.

तात्या शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मंजे त्या मास्तरांनी बी पाच-नऊचा सहा केला." यापुढे मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

चिठ्ठी ठरली. ज्यांना नंतर मिळणार त्यांना सहा आठवड्यांनी तेवढंच, फुकट. मामांची गरिबांची अटही पाळता आली: एक म्हैसवाल्यांची चिठ्ठी वेगळी आणि जास्त म्हशीवाल्यांची वेगळी, म्हणजे दोन्ही गटांत गरीब सारखेच.

२४ नोव्हेंबर

मिक्श्चर सुरू. बाकी नोंद नाही. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, वाढं स्वस्त झालं. ते दोन्ही गटांना सारखंच स्वस्त, म्हणून तुलनेला धक्का नाही.

१ डिसेंबर

निर्देशात्मक भाग. समितीपुढे तीन पर्याय ठेवले: नवं मशीन, आहे त्याच मशीनची शिस्त, किंवा काहीच नाही.

तूट जिथून येते तिथं नवं मशीन पोचत नाही. हातनोंद लाईट गेल्यावर होते. दुसरं मशीन घेतलं तरी लाईट गेल्यावर तेही बंद, मग पुन्हा वही. आणि मशीन सरकतं ते न धुतल्यामुळे, नवंही न धुतल्यास सरकणारच. म्हणून सुचवलं: मशीन, काटा आणि संगणक तासभर चालेल एवढी बॅटरी आणि इन्व्हर्टर. दर चाळीस नमुन्यांनंतर मशीन धुणं. प्रत्येक पाळीत तीनदा तपासणीची बाटली आणि तिचा आकडा भिंतीवरच्या आलेखावर. फेस असेल तर दूध थोडं निवू द्यायचं. हातनोंद करावीच लागली तर नळीवर दिसेल तो आकडा, जसाच्या तसा.

शेवटच्या मुद्द्यावर समितीत गरमागरमी झाली. एक सदस्य म्हणाले, गरिबाचे चार रुपये काढून संस्थेनं काय मिळवायचं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर डेटात नाही. मी एवढंच मांडलं की आत्ताच्या पद्धतीत ढकललेल्या फॅटचा मोठा वाटा जास्त दूध घालणाऱ्यांकडे जातो, कारण तो लिटरवर मोजला जातो. मदतच करायची तर एक म्हैसवाल्यांना दिवाळीच्या दूध फरकात (वर्षाच्या दुधावर संस्था देते त्या जादा रकमेत) उघडपणे जादा द्यावं, ठराव करून. तात्यांनी अनुमोदन दिलं. ते देतील असं वाटलं नव्हतं.

कोटेशन फाईलला लागलं.

२२ डिसेंबर

तीन आठवड्यांची तूट: ०.०४. भिंतीवरचा आलेख तात्या स्वतः भरतात, पेन्सिलनं. वर-खाली दोन मर्यादा आखून दिल्यात. वॉल्टर शूहार्टनं १९२४ साली टेलिफोनच्या कारखान्यात मांडलेला नियंत्रण आलेखच हा. बिंदू मर्यादेबाहेर गेला की आधी धुणं, मग शंका. या आठवड्यात एकदा गेला. नळीत केस निघाला.

तीन आठवडे थोडे आहेत. शिवाय थंडीत दूध वाढतं, नव्यानं व्यालेल्या म्हशी वाढतात, म्हणजे फॅटचं गणित तसंही बदलतं. म्हणून गेल्या डिसेंबरशीही तुलना केली: तेव्हा ०.११. सुधारणा टिकली का ते पावसाळ्यात, लाईट जाऊ लागल्यावर कळेल.

५ जानेवारी २०२५

मिक्श्चरचे सहा आठवडे पूर्ण. दोन गटांतला फॅटचा फरक ०.०४, पट्टा उणे ०.०८ ते अधिक ०.१६. शून्य पट्ट्यात आहे.

मामांनी लगेच निकाल लावला: "मंजे उपयोग न्हाई." एवढं म्हणायला जागा नाही. एवढ्या सभासदांत, एवढ्या दिवसांत, परिणाम असला तरी तो दिसण्याएवढा मोठा नव्हता, इतकंच म्हणता येतं. ०.३ चा परिणाम असता तर दिसला असता, म्हणजे मामांचा जुना आकडा मात्र बाद. आणि मिक्श्चरचा मुख्य उपयोग पशुवैद्य सांगतात तो माज वेळेवर येण्याचा, दोन वेतांमधलं अंतर कमी होण्याचा. ते मोजायला सहा आठवडे नाहीत, दीड-दोन वर्षं लागतील आणि बिल्ल्याचे बाराच्या बारा अंक नीट लागतील.

दुसऱ्या गटाला ठरल्याप्रमाणे मिक्श्चर वाटलं.

११ जानेवारी

अहवाल दिला, आठ पानं, त्यातली तीन आलेखांची. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून खालची सरासरी लिटरच्या वजनाची करून घेतली. त्यानं एका ओळीत बदल केला. तारखेची पद्धतही दिवस-महिना-वर्ष अशी पक्की केली. हातनोंदीचा रकाना आता प्रत्येक पावतीवर छापून येतो.

तात्यांनी नवा प्रश्न ठेवलाय: गाईच्या दुधात एसएनएफ ८.५ च्या खाली का जातो, आणि तो ठरावीक वाड्यांवरूनच का जातो. वाडीवार यादी त्यांनी आधीच काढून ठेवली होती, हातानं, आणि आकडे ८.३, ८.४, ८.४, ८.२ असे आहेत. एकही गोल नाही.